बोटीवरचा रोट

दगडू, तुझी ती बोट मला कधीच आवडली नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे उगाच गोड बोलायला नको. गेलेल्या माणसाबद्दल सगळेच गोड बोलतात. परवा सुरतेत गोडादऱ्याला आपल्या चुलत्याच्या मुलाच्या, रतनच्या ओट्यावर बसून लोक सांगत होते, दगडूभाऊ म्हणजे देवमाणूस. त्यातल्या एकानेही तुला कधी फोन केला नव्हता. तू देवमाणूस नव्हतास. एका कानाने बहिरा होतास, लूमच्या खात्यातल्या, म्हणजे मागांच्या कारखान्यातल्या आवाजाने केलेला, आणि दुसऱ्या कानाने मुद्दाम ऐकत नव्हतास.

आषाढात मी तुला घरी न्यायला आले होते. तुझे पाय सुजलेत, हृदय दमलंय, असं डॉक्टर म्हणाला, ते तुझ्या बोटीच्या मालकाच्या, शेठच्या माणसाने फोनवर सांगितलं. मी मुलाला, प्रकाशला म्हटलं, तिकीट काढ, मामाला घेऊन येते. त्याला वाटलं आठ दिवसांत येईन. मलाही तेच वाटलं होतं. पिशवीत दोन साड्या, तुझ्यासाठी ज्वारीचं पीठ आणि कळण्याचे पापड. पापड पाहून तू म्हणालास, "बाई, मला मीठ बंद केलंय." समुद्रावर राहायचं आणि मीठ बंद. मी हसले, तू पण हसलास, आणि मी सगळे पापड एकटीने संपवले.

तुम्ही दक्षिणेतल्या त्या जागेला मरिना म्हणत होता. मला ती बोटींची चाळ वाटली. एकीला लागून एक बोट, प्रत्येकीला नंबर, प्रत्येकीसमोर एक नळ आणि विजेचा खांब. मधून लाकडी रस्ता, तोही पाण्यावर तरंगणारा. भरतीला सगळी चाळ वर, ओहोटीला सगळी खाली. पहिल्या दिवशी मी त्या रस्त्यावर पाय ठेवला आणि तो हलला. मी तुझा दंड धरला. तू म्हणालास, "घाबरू नको, पडलीस तर काढीन." मी म्हटलं, "तुला जिना चढता येईना, तू काय काढशील?"

बोट पांढरीशुभ्र, आत सगळं चकचकीत लाकूड. शेठ वर्षातून एकदा थंडीत यायचा, पोराबाळांना घेऊन, दोन दिवस गाणी लावायचा आणि जायचा. बाकी वर्षभर ती बोट तुझी. शेठच्या साड्यांच्या कारखान्यातून तुला त्याने इथे आणून बसवलं, कारण तू पीत नव्हतास आणि बोलत नव्हतास. पाण्याशी आपल्या सात पिढ्यांचा संबंध नाही. तुझ्या आधीची दोघं राहिली नाहीत म्हणून आईने तुझं नाव दगडू ठेवलं, आणि दगडू जाऊन पाण्यावर राहिला.

तुझा दिवस मला पाठ झाला होता. उठल्या उठल्या चहा नाही, देव नाही, आधी दोर. बोट ज्या दोरांनी बांधलेली, त्यातला एकेक दोर हातात धरून बघायचास, कुठे घासला का. जिथे घासत होता तिथे तू साडीच्या चिंध्या गुंडाळल्या होत्यास, जांभळ्या, गुलाबी, जरीच्या काठासकट. "सुरतचं पॉलिस्टर आहे, बाई. कुजत नाही, फाटत नाही." अख्ख्या मरिनात आपलीच बोट बांगड्या घातल्यासारखी दिसायची.

मग आतली फळी उचलून तळाशी वाकायचास. तिथे थोडं पाणी साचलेलं असायचं. तू त्यात हाताचं बोट बुडवून जिभेला लावायचास. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला शिसारी आली. तू म्हणालास, "खारट लागलं तर समुद्र आत येतोय. गोड लागलं तर पावसाचं नाहीतर टाकीचं." मी म्हटलं, "आणि रॉकेलसारखं लागलं तर?" तू म्हणालास, "मग इंजिन. मग शेठला फोन." पुढे तुला वाकवेना झालं तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. रोज सकाळी दात घासायच्या आधी मी बोटीचं पाणी चाखायचे आणि वर ओरडून सांगायचे, "गोड!" शेजारच्या बोटीवरचा म्हातारा गोरा हे ऐकायचा आणि मला गुडमॉर्निंग करायचा. त्याला वाटत असेल, गोड म्हणजे आमच्याकडचा नमस्कार.

पाऊस संपत नव्हता. कपाटात ठेवलेल्या साडीला दोन दिवसांत बुरशी. चप्पल हिरवी. गाद्यांना ऊन दाखवायचं तर ऊन दिसलं पाहिजे. तू सगळ्या कपाटांची दारं उघडी ठेवायचास आणि सिरक्याच्या फडक्याने लाकूड पुसायचास, मग आत नाक घालून वास घ्यायचास. मी म्हणायचे, आपल्या घरात कधी फडकं हातात धरलं नाहीस. गॅसचं तर विचारूच नको. फोडणी झाली की लगेच सिलिंडरची कळ बंद. मी एकदा विसरले तर तू माझ्यावर धावून आलास. म्हणालास, बोटीत गॅस बाहेर जात नाही, तळाशी जाऊन बसतो, मग एका काडीने सगळं संपतं. तुला तितकं भिताना मी त्याच्या आधी एकदाच बघितलं होतं, आईला नेत होते तेव्हा.

आणि तो संडास. बोटीवरचा वापरायचा नाही, घाण पाण्यात जाते, म्हणून पावसात छत्री घेऊन त्या हलत्या रस्त्यावरून पार टोकाला जायचं. या वयात. मी तुला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण तू एका खोक्याची पायरी केलीस, खाली रबर ठोकलंस, आणि ती बोटीपाशी ठेवलीस, माझ्या गुडघ्यांसाठी. सामान ओढायच्या हातगाडीतून माझ्या अंघोळीला गरम पाण्याची बादली आणायचास, सुजलेल्या पायांनी. मी म्हणायचे, अर्धी सांडलीस. दुसरं काही म्हटलं नाही. तुला कळलं असेल असं मी धरून चालते, कारण आता दुसरा इलाज नाही.

साडीचा किस्सा मी इथे सगळ्यांना सांगितला. एका दिवशी ऊन पडलं आणि मी पुढच्या खांबापासून मागच्या कठड्यापर्यंत अख्खी साडी वाळत घातली. रखवालदार शिटी वाजवत आला. "अम्मा, इधर कपड़ा नहीं! रूल है!" मी म्हटलं, "साडी ओली है, रूल कोरडा है, तू जा." त्याने तुझ्याकडे बघितलं. तू बहिऱ्या कानाकडे बोट दाखवून आत निघून गेलास. आत जाऊन हसत बसला होतास, मला दिसत होतं. साडी वाळेपर्यंत तो बिचारा रखवालदार तोंड फिरवून उभा राहिला.

आवाजाचं तुझं म्हणणं मला शेवटपर्यंत पटलं नाही. तू म्हणायचास इथे शांत आहे. कुठे शांत? दोर कुरकुरायचे. तळाखाली दिवसभर तडतड तडतड, तापल्या तेलात मोहरी पडावी तशी. तू सांगितलंस ती बारीक कोळंबी असते, लाकडाला आणि दगडाला चिकटून वाजते. मी म्हटलं, मला तर वाटतं बोट शिजतेय. तू म्हणालास, "बाई, तू खात्यात काम केलं नाहीस. बारा तास लूम ऐकले की बाकी सगळी शांतताच." ते एकच भांडण तू जिंकलास.

खरं भांडण वेगळंच होतं आणि ते रोजचं होतं. मी म्हणायचे घरी चल. तू म्हणायचास कुठे? मी म्हणायचे सुरतेत डिंडोलीला, माझ्याकडे. तू म्हणायचास, "तुझ्याकडे म्हणजे प्रकाशकडे. भाच्याच्या घरात मामा किती दिवस?" मी म्हणायचे, मग रतनकडे, तुझा भाऊबंद आहे. तू म्हणायचास, "रतनच्या ओट्यावर झोपू?" तुझी बायको लग्नानंतर वर्षाच्या आत गेली, तू परत संसार मांडला नाहीस, गावचं घर पडलं. मला हे सगळं माहीत होतं. तरी मला वाटायचं, माणसाने आपल्या माणसांत जावं. पाण्यात नको.

श्रावण लागला. आपल्या देवीचा, कानबाईचा रविवार जवळ आला. सुरतेत असतो तर गल्लीगल्लीत मांडव, बायकांची गाणी. मी काही बोलले नव्हते. तूच सकाळी दोर बघता बघता म्हणालास, "बाई, औंदा रोट कर."

मी म्हटलं, इथे? तू म्हणालास, इथेच. किती वर्षं रोट खाल्ला नाही. रतनकडे होतात, पण तो बोलवत नाही आणि मी जात नाही.

देवीच्या नैवेद्याच्या या पोळ्या आई कशा करायची ते मला आठवत होतं. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचे. आई घ्यायची तेव्हा आजोबा, बापू, काका, तू, सूप भरायचं. मी त्या बोटीच्या ओट्यावर तुझी सव्वा मूठ मोजली. तुझीच मूठ, तुझ्या हाताने भरायला लावली. ताटलीचा तळही झाकला नाही. तू ते गहू बघत होतास. मी लगेच मिक्सर लावला.

दोन रोट झाले. पुरण, खीर, लाल भोपळ्याची भाजी. सगळं अळणी, तुझ्या डॉक्टरमुळे, कानबाईने समजून घेतलं असेल. नारळ मांडून पूजा केली. नारळाला तिथे काय तोटा. मग तू ताट घेऊन बसलास आणि एक रोट अर्धा मोडून माझ्यापुढे धरलास.

"तू बी खाय, बाई."

मी म्हटलं, "मी कशी खाऊ? मन्हं कुळ येगळं शे."

तुला माहीत होतं. आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. रोट ज्या कुळाचा त्याच कुळाने खायचा. लेक लग्न होऊन गेली की तिला तो चालत नाही. लग्न झाल्यापासून मी आईच्या हातचा रोट कधी खाल्ला नाही. माहेरी असले तरी त्या दिवशी मला वेगळी पोळी. आई स्वतः वाढायची, कधी डोळ्यांत पाणी नाही, तिच्या नाही, माझ्याही नाही. रीत ती रीत.

तू हात मागे घेतला नाहीस. म्हणालास, "घर चाल म्हनस, आन मन्हा ताटमा खास नई. मंग ते कोनं घर शे?"

मी ताट तुझ्याकडे सरकवलं. मग चिडले. म्हटलं, रीत मी केली नाही. तू म्हणालास, मी कुठे म्हणतो तू केलीस. इतक्यात तो शेजारचा गोरा तुपाच्या वासाने बाहेर येऊन बघायला लागला. तू म्हणालास, "तू खात नाहीस तर याला देतो." मी म्हटलं, "दे. कानबाई बघून घेईल तुला." तू हसलास. पण दिला नाहीस. तोंडाने काहीही बोलायचास, हाताने रीत मोडायचा नाहीस. तुझं उष्टं आणि हात धुतलेलं पाणीसुद्धा बाहेर टाकायचं नव्हतं, जमिनीत खड्डा करून त्यात घालायचं होतं. जमीन कुठून आणायची? शेवटी तू तुझ्या कढीपत्त्याच्या कुंडीत हात धुतलेस. म्हणालास, "ही आपली जमीन." एवढीशी कुंडी.

रोट पुनवेच्या आत संपवायचे असतात. तुला भूक नव्हती. रोज चहाबरोबर एक तुकडा, मान खाली घालून, औषध घ्यावं तसा. मी समोर बसून बघायचे. दोन माणसं एका टेबलाशी आणि खाणारा एक. नारळी पुनवेच्या दुपारी तू शेवटचा तुकडा खाल्लास आणि ताटली मला दाखवलीस. मी म्हटलं, शाबास. आणखी काय म्हणायचं होतं मला? आता बरंच सुचतं.

मी खाल्लं नाही ते बरोबरच होतं. आज परत तो दिवस आला तरी मी खाणार नाही. माफी मागायला हे लिहीत नाही. पण माझ्या ताटात खात नाहीस तर ते घर कोणाचं, हे तू विचारलंस त्याचं उत्तर मी दिलं नाही, आणि ते माझ्याजवळ राहून गेलंय.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तू गेलास. मी टोकाला अंघोळीला गेले होते. परत येताना रखवालदार पळत येताना दिसला, "अम्मा, अम्मा," आणि पुढे त्याला हिंदी सुचेना. तू मागच्या बाकावर बसला होतास, मान एका बाजूला. मी तुझं तोंड पुसलं. मग आत गेले, फळी उचलली, पाणी चाखलं. का ते मला विचारू नकोस. गोड होतं. वर येऊन सांगायला कोणी नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

शेठ आला. हात जोडून म्हणाला, "मासी, दगडुभाई तो घरना माणस हता." मी म्हटलं, "हो का? कोणत्या घरचे?" वाईट माणूस नाही तो, त्यानेच सगळं बघितलं. पण मला त्या वेळी तो शब्द सहन झाला नाही. सगळेच तुला घरचा म्हणत होते आणि तुझा बिछाना दोन फूट रुंद होता.

रतनचा मुलगा विमानाने आला. अग्नी त्याने दिला, कारण तो तुझ्या कुळाचा. तुला त्याने लहानपणी एकदा बघितलं असेल. पोरगा चांगला आहे, रडला नाही, खोटं वागला नाही. मला विचारलं, "आत्या, काकांना काय आवडायचं?" मी सांगितलं, न बोलणं. तुझी राख घेऊन आम्ही दोघं गाडीने सुरतेला आलो. वाटेत मी खिडकीतून बघत राहिले. दगडू, तुला घरी न्यायला आले होते, ते असं नेलं. मडकं त्याच्या मांडीवर होतं. मी मागितलं नाही.

रतनच्या बायकोने मला बाजूला घेऊन पहिली गोष्ट विचारली, "रोट केले होते म्हणे तिकडे. कोणी खाल्ले?"

मी म्हटलं, "एकट्याने."

तिला बरं वाटलं. मला नाही.

आता तुझं सगळं रतनकडे आहे. दिवा त्याच्या घरी, फोटो त्याच्या घरी, दहावं तो करणार. जिवंतपणी ओट्याच्या आत बोलावलं नाही, पण आता तू त्यांचा. मला त्यांनी सांगितलं, बाई, तुमचं सुतक तीन दिवसांचं, तुम्ही लग्न करून दिलेली लेक. प्रकाशनेही तेच सांगितलं. बरोबर आहे, मलाही ते माहीत होतं. तीन दिवस झाले. उज्ज्वलाने, म्हणजे सुनेने, पाणी तापवलं, म्हणाली, "आई, डोक्यावरून अंघोळ करून घ्या. उद्या श्रावणी सोमवार आहे, महादेवाला तुम्हीच बेल वाहता."

मी म्हटलं, "तू वाहा. मला अजून सुतक आहे."

प्रकाश कामावरून आला तेव्हा तिने त्याला सांगितलं. तो माझ्याजवळ येऊन बसणार होता, मी हाताने थांबवलं. म्हटलं, लांब बस, शिवू नको.

"आई, असं नसतं," तो म्हणाला. "मामाचं सुतक आपल्या घरात तीनच दिवस."

"घराला तीन दिवस असू दे. तुम्ही पूजा करा, गोड करा, माझी हरकत नाही. मला दहा."

"लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील म्हातारीचं डोकं फिरलं. म्हणू दे. तुला त्रास होत असेल तर मी गॅलरीत बसते."

मी गॅलरीतच बसले आहे. पोतं टाकलंय खाली. खालच्या गल्लीत लूमचा आवाज चालू असतो. उज्ज्वला चहा लांबून सरकवते, तिचा राग उतरलाय, काल तिने चहाबरोबर न विचारता दोन बिस्किटं ठेवली. रतनचा फोन आला. कोणीतरी त्याला सांगितलं असणार. म्हणाला, "बाई, हे बरं दिसत नाही. तुम्ही दुसऱ्या कुळाच्या. तुम्ही दहा दिवस धरले तर लोक म्हणतील आम्ही काही कमी केलं."

मी म्हटलं, "तुम्ही काही कमी केलं नाही, रतन. मी माझं धरलंय."

"पण कोणत्या नात्याने?"

"त्याला कडेवर घेऊन मी फिरवलंय, त्या नात्याने."

त्याने फोन ठेवला.

तुझा रोट मला चालत नाही, दगडू. तुझं मरण चालतं. त्याला कोणाची परवानगी लागत नाही, असं मला या गॅलरीत बसून कळलं. दहाव्याला रतनकडच्या बायका तापीवर अंघोळीला जातील. मला बोलावणार नाहीत. मी जाणार आहे. प्रकाशला रिक्षा सांगायला सांगितली, तो "बघू" म्हणाला, म्हणजे सांगेल. घाटावर त्यांच्या कुळाच्या बायका रांगेने पाण्यात उतरतील. मी त्यांच्या पुढे उतरेन, आणि कोणी मागे ओढलं तरी मागे येणार नाही.